ठिगळाची मोकळी कड

तलासरी
मंगळवार, २० मे २०२५

नविनदादास,

सुषमाचा नमस्कार. इथे मी आणि आई ठीक आहोत. आईचा गुडघा आहे तसाच. तुमच्याकडची खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारते, नाहीतर तुला काही विचारायची माझी अजिबात इच्छा नाही.

नऊ दिवस झाले तुला दुकान सोडून झरीला घरी जाऊन बसून. फोन केला की कापतोस. रुसायचा हक्क तुझा कसा रे झाला? रुसायला हवं होतं मी!

लहान्या ट्रकवाल्याने फाटकी ताडपत्री दुकानासमोर आणून आपटली, तेव्हा पाच ड्रायव्हर चहा पीत उभे होते. जिजामावशीचे सुके बोंबील त्याच्या ट्रकवर डहाणूहून निघाले होते. हायवेला लागल्यावर ठिगळ उचकटलं, वाटेत पाऊस लागला आणि सगळा माल भिजला. मावशीने आणि तिच्या सुनेने महिनाभर उन्हात राबून सुकवलेला माल! त्याला वास सुटला, खड्ड्यात पुरावा लागला. आणि तू काय म्हणालास? "ते सुषमाचं काम. बाईच्या हाताला जोर कुठला?"

अरे, लाज नाही वाटली? बाबा गेल्यापासून अकरा वर्षं या दुकानात दाभण चालवतेय मी. माझ्या बोटांना घट्टे पडलेत ते काय भाकऱ्या थापून? त्या दिवसापासून गिऱ्हाईक आलं की विचारतं, "दादा नाही का?" परवा तर एकजण माझ्यासमोरून उठून पुढच्या दुकानात गेला आणि नवी चकचकीत प्लास्टिकची ताडपत्री घेऊन आला. एका उन्हाळ्यात तडकेल ती. पण माझ्या शिलाईपेक्षा ती बरी वाटली त्याला.

ते ठिगळ माझं नव्हतं. तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तू डावखुरा, तुझी गाठ डावीकडे पडते. आणि दुमडलेली कड केबिनकडे, मोकळी कड मागे फाळक्याकडे, हे बाबांनी आपल्याला पाटी-पेन्सिलच्या आधी शिकवलं. वारा समोरून येतो, तो वरून सरकून गेला पाहिजे. या ठिगळाची मोकळी कड केबिनकडे होती. वारा आत शिरला, फुगा झाला आणि टर्रकन फाटलं. तू, नविन ताडपत्रीवाला, उलटं ठिगळ लावलंस!

का लावलंस ते आता लिहितेच. ताडपत्रीच्या पुढच्या टोकाला लाल रंगाची खूण असते, ती तुला दिसली नाही. तुला दिसत नाही, दादा. वर्ष झालं.

सकाळी तू यायच्या आधी वीस-वीस दाभणांत दोरा ओवून कोण ठेवायचं? तुला वाटलं, मी हौसेने करते? दुपारी तू आडवा झालास की तुझे वाकडे टाके उसवून परत कोण घालायचं? एका शब्दाने बोलले नाही तुला. म्हटलं, माणूस मानी आहे, स्वतःहून सांगेल. सांगायचं सोडून तू माझ्याच हातावर ढकललंस.

आता माझंही ऐक. हे लिहायला तीन दिवस कागद घेऊन बसतेय.

लहान्याची ताडपत्री गाडीवर चढत होती तेव्हा मी ते ठिगळ पाहिलं होतं. कड उलटी आहे हेही पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण त्याच सकाळी तू त्याला हसत म्हणाला होतास, "ही नुसती कापड धरते, शिवतो मीच." म्हटलं, जाऊ दे. एकदा फटफजिती होऊ दे याची. मला काय माहीत, त्या गाडीत जिजामावशीचा माल चढणार आहे! म्हणजे माहीत नव्हतं हेही खोटंच. कुणाचा तरी माल चढणारच होता.

काल डहाणूला गेले. मावशीच्या ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं, तुझंही आणि माझंही. ती शिव्या घालेल असं वाटलं होतं. ती उठून आत गेली आणि पाणीसुद्धा विचारलं नाही. आज सकाळी लहान्याला आणि त्या ड्रायव्हरांनाही सांगितलं. तुझी इज्जत गेली असं म्हणशील. माझी तू आधीच घालवलीस.

हे पत्र झरीला निघालेल्या रूपीच्या हाती पाठवतेय आणि तिला बजावलंय, वहिनीच्याच हातात दे, तीच वाचून दाखवेल. तुझ्या हातात पडलं असतं तर खिशात घालून "वाचलं" म्हणाला असतास.

वहिनी, तुझ्यापासूनही लपवलं त्याने, आणि मीही. माफ कर. आता तो ओरडत असेल, "खोटारडी आहे ती, माझे डोळे ठणठणीत आहेत!" तू वाद घालू नकोस. हा कागद त्याच्या हातात दे आणि म्हण, पुढचं तुम्हीच वाचा.

दादा, हेही वहिनीनेच वाचलं ना?

मग गुरुवारी आंघोळ करून तयार राहा. दुकान बंद ठेवून पहिल्या गाडीने येतेय, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. भांडायचं असेल तर वाटेत भांडू.

तुझ्यावर अजून चिडलेली, तुझीच
सुषमा