तीन अर्जंटनंतर एक साधा

आई, तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतकी वर्षं तुझी आठवण स्वयंपाकघरात यायची, सणावाराला यायची. गेल्या पावसाळ्यापासून ती माझ्या ऑफिसात येते.

तू कारंज्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतीस आणि मी असेन दहा-अकरा वर्षांची. शाळा सुटली की तिथेच यायचे. कापसाचा हंगाम, बाहेरगावी बोलायला मोजक्याच लाइनी आणि तुझ्यापुढे चिठ्ठ्यांचे वेगवेगळे ढीग. व्यापाऱ्यांचे अर्जंट कॉल आधी लावायचे, साध्या कॉलवाल्यांनी थांबायचं. त्या दिवशी जऊळक्याची एक म्हातारी सकाळपासून बाकावर बसलेली आहे. तिची लेक नागपूरला दवाखान्यात आहे. ती मधूनमधून उठून विचारते, "बाई, कवा लागीन व माहा फोन?" तू लागोपाठ तीन अर्जंट कॉल लावतेस आणि मग तिची चिठ्ठी उचलतेस. काउंटरवरचा व्यापारी चिडतो, "माहा अर्जंट हाय, मधात हा साधा कायले घुसवला?" तू हेडफोन न काढता म्हणतेस, "तुमचा याच्यामांगं लगेच हाय, भाऊ." सुपरवायझरने तुला माझ्यादेखत झापलं. घरी जाताना मी विचारलं, काहून केलं असं? तू म्हणालीस, "अर्जंट आधीच गेला पाह्यजे. पन सारे अर्जंटच येत राह्यले तं साध्याची पाळी कवाच येत नाही. ते आपुनच राखून ठेवा लागते."

पुढे इंजिनिअरिंगला नेमकं हेच शिकले. नेटवर्क तुंबलं की कुणाची माहिती आधी सोडायची आणि मागच्या रांगांचा थोडा वाटा कसा राखायचा. परीक्षेत मी ते फार छान लिहिलं. आता मी वाशीम जिल्ह्यातल्या काही दवाखान्यांना आणि कचेऱ्यांना जोडणारं नेटवर्क सांभाळते. तिथल्या रांगा मीच लावल्या: बैठकांचा व्हिडिओ पहिल्या रांगेत, दवाखान्यांचे रिपोर्ट दुसरीत, बाकी सगळं तिसरीत. वरिष्ठ म्हणाले होते, "मीटिंगमध्ये साहेबांचा चेहरा अडकायला नको." म्हणून पहिल्या रांगेला मी मर्यादाच घातली नाही. तिच्यात काही शिल्लक आहे तोवर मागचं काहीच सुटत नाही.

एका दुपारी सगळ्या तालुक्यांची मीटिंग एकदम सुरू झाली. त्याच वेळी एका खेड्यातल्या दवाखान्यात छातीत दुखतं म्हणून एक बाई आली. तिथल्या नवख्या डॉक्टरने तिचा ईसीजी काढून शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवला. तो ईसीजी दुसऱ्या रांगेतून सुटलाच नाही. मोबाईलचा टॉवरही बंद होता. डॉक्टर पाऊण तास पुन्हा पुन्हा पाठवत राहिला, मग तिला गाडीत घालून निघाला. ती वाटेतच गेली. मीटिंग शेवटपर्यंत एकदाही अडकली नाही. मला तसा शाबासकीचा मेसेज आला.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा ऑफिसात आला. शिलाईकाम करणारा, पन्नाशीचा माणूस. खुर्ची दिली तरी बसला नाही. म्हणाला, "मॅडम, मले येवढंच सांगा. त्या दिवशी लाईन नव्हती का?"

मी म्हटलं, "नव्हती, चाचा."

"मंग कोनाची चूक नाही," तो म्हणाला. "मी त्या डाक्टरले लई बोललो. जाऊन माफी मागतो त्याची." माझ्यापुढे हात जोडून तो गेला, आणि मी त्याला जाऊ दिलं.

लाईन होती, आई. चांगली चालू होती. अहवालात मी 'तांत्रिक अडचण' लिहिलं आणि कुणी काही विचारलं नाही. त्या डॉक्टरला खरं सांगावं म्हणून पत्र लिहायला घेतलं, ते दोन ओळींच्या पुढे गेलं नाही. तुला लिहिलेलं हे पत्र मात्र एवढं लांबलं, कारण हे पोचणार नाही हे मला माहीत आहे.

वरिष्ठांना मी म्हणाले होते, पहिल्या रांगेला मर्यादा घालू. ते म्हणाले, "चाललंय ते चालू द्या." मीटिंगा दर सोमवारी होतात. नियम अजून तसाच आहे. तो बदलायला दहा मिनिटं लागतात आणि कुणाची सही लागत नाही. मी भिते, एवढंच.