बुंध्याचा आवाज

प्यारे अब्बांना,
कुर्गच्या कॉफीच्या मळ्यातून मेहताबचा सलाम.

मी मजेत आहे. फोनवर माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि अम्मी तुम्हाला अर्धंच सांगते, म्हणून लिहितोय.

इथं करवतीची मशीन हातात घ्यायच्या आधी जाड पँट, हेल्मेट आणि कानांवर झाकणं घालावीच लागतात. परवा मशीन उलटी उसळली, पण पँटच तेवढी फाटली. अम्मीला सांगू नका.

काल एक थोरलं झाड पाडायचं होतं. मी झाकणं काढली, कुऱ्हाड उलटी धरली आणि बुंध्यावर ठोकली. सगळे हसले. पण आवाज पोकळ आला.

राहुरीत बांधावरच्या बाभळी तुम्ही अशाच डोळे मिटून ऐकायचात. "आतून पोकळ हाय, कुठंबी पडंल. आधी पळायची वाट मोकळी कर," म्हणायचात. आम्ही वाट मोकळी केली, लांबून दोरानं ओढून झाड पाडलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ओल्या लाकडाचा वास आला आणि तुमचा सदराच आठवला.

तुमचे कान या मशीननंच नेले. वीस वर्षं तुम्ही डोक्याला नुसता रुमाल बांधलात.

आता तुमची मशीन आकिब चालवतो ना? कानात कापूस तरी घालतो का? पार्सलमधून त्याच्यासाठी झाकणं पाठवली आहेत. धाकटा म्हणून लाड करू नका, दटावून घालायला लावा.

तुम्हाला पत्र लिहायला मला आवडतं, अब्बा. पण आकिबशी मला फोनवरच बोलायचंय.

तुमचा,
मेहताब