गाडीवरून दिलेला आवाज

तात्या,

कागद समोर घेऊन बसलो आहे. खाडाखोड नको म्हणून आधी जुन्या वहीत कच्चं लिहून घेतलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आधी लिवतोस, मग पुन्यांदा लिवतोस. बोलतोस कधी?"

जुईनगरला स्टेशन व्हायच्या आधीची गोष्ट. वडिलांची कंबर गेली आणि कांदा-बटाटा मार्केटमधल्या त्यांच्या जागेवर, तुमच्या हमालांच्या टोळीत, मी आलो. नववीत शाळा सुटलेली, घरात आई आणि दोन बहिणी, आणि मला चार माणसांत तोंड उघडायची भीती. दुकानात सामान मागायलाही मी चिठ्ठी पुढे करायचो. तुम्ही टोळीचे मुकादम. पहिल्याच दिवशी मला मालाच्या गाडीवर चढवलंत. वरच्याने गोण खालच्याच्या पाठीवर द्यायची, पण त्याआधी "घे" म्हणून आवाज द्यायचा, कारण खालचा वाकलेला असतो, त्याला वरचं दिसत नाही. शिकायचं ते एवढंच.

खाली तुम्हीच वाकलेले आहात. आवाज माझ्या घशात अडकला आहे आणि गोण हातातून सुटली आहे. तुम्ही गुडघ्यावर आपटता. "याला घरी पाठवा, मुकादम," टोळीतला एक जण ओरडतो. "असला मुका गाडीवर चढवला तर मानूस मरंल." घरी गेलो तर चूल कशावर पेटणार, हे मला ठाऊक आहे. तुम्ही वर बघून विचारता, "आवाज दिलेलास का रं?" मी मान हलवतो. हो.

"मग मलाच ऐकू आलं नसंल," तुम्ही टोळीला सांगितलंत. गुडघा चोळून पुन्हा गाडीला पाठ करून उभे राहिलात, ताठ. "आता दे. ऐकू आल्याबिगर मी वाकायचा न्हाय." मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. दोनदा तोंडातून नुसतीच हवा आली. तिसऱ्यांदा "घे!" असा ओरडलो की पलीकडचा चहावाला म्हणाला, "घेतो बाबा, मारू नको!" टोळी हसली, आणि तुम्ही वाकलात.

आता बाजार समितीच्या बैठकीत टोळीच्या वतीने बोलायला मलाच उभं करतात. परवा कांदे निवडणाऱ्या बायकांसाठी सावलीला ताडपत्री मागितली. मुद्दे लिहून नेले होते, पण कागद खिशातच राहिला. ताडपत्री मिळाली. आई म्हणते, "आता तुला गप बस म्हनायची पाळी आली."

हा कागदही खिशातच राहणार. टोळीत नवा माणूस आला की त्याला मी तुमची ही गोष्ट सांगतो, सगळी, गुडघ्यासकट. फक्त तिच्यात अजूनही तुम्हालाच ऐकू आलेलं नसतं.