लोकरीचे तीन गुंडे

मंगळवार, दि. १४

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. आशीर्वाद मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

इकडे सगळं ठीक. दुकानात गणवेशांची घाई आहे. हिचा गुडघा बरा आहे. काजं करणारी बाई परवापासून येत नाही, त्यामुळे काजं मीच करतो आणि गिऱ्हाइकांची बोलणीही मीच खातो. भाचीचा फोन आला होता, बाळ कुशीवर वळायला लागलंय म्हणे. तुझ्याबद्दल काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

एवढंच लिहून तीन कागद फाडले गं. हा चौथा.

काल भावजी विजार आखूड करायला आले होते. चहा नको म्हणाले. मग एकदम म्हणाले, "बत्तीस वर्षं संसार केला, आणि हिने माझ्यापासून चोरून पैसे साठवले. वर परक्या देशात कस्टमवाल्यांसमोर नाक कापलं. मी बोलत नाही तिच्याशी." मी खाली बसून त्यांचं माप घेतलं. दोनदा चुकलं.

ताई, पैसे माझे होते. तुला हे सांगायला नकोच म्हणा. लोकर गुंडाळायला तुझ्यासमोर मीच बसलो होतो. "आज सूर्य कुठे उगवला?" म्हणून तू हसलीस. जन्मात तुझं एक काम केलं नाही, आणि आता बाळाच्या स्वेटरची लोकर गुंडाळतोय, म्हणून तुझे डोळे भरून आले. तू पाणी आणायला आत गेलीस की मी नोटांची सुरळी मध्ये घालून वरून लोकर गुंडाळायचो. तीन गुंडे, तीनदा पाणी मागितलं.

आपण दोघं भाचीकडे परदेशी बाळाला बघायला निघालो होतो, आणि तिकडे भरतकामाची जुनी मशीन स्वस्तात मिळत होती, आणि विकणाऱ्याला रोखच हवी होती. कापडवाल्याने माझ्या डोक्यात भरवलं होतं, की ठरावीक रकमेच्या वर रोख आहे असं लिहून दिलं की निम्मी कापतात. विमानात तुझा फॉर्मही मीच भरला. जास्त रोख आहे का, या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण केली. तू चष्मासुद्धा न लावता सही केलीस, धाकट्याने भरलाय ना, मग झालं! नंतर कळलं, नुसतं लिहायचं असतं. एक पैसा कापत नाहीत. कसला मी अतिशहाणा!

पण ताई, हा मूर्खपणा झाला. खरी लाज पुढची आहे.

तुझी बॅग उघडली तेव्हा मी ट्रॉली घेऊन पुढे गेलो होतो. काचेतून सगळं दिसत होतं. त्या अधिकारी बाईने टेबलावर लोकर उलगडली, अर्धा स्वेटर सुयांवर तसाच लोंबत होता. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. तिने माझ्याकडे बोट करून तुला काहीतरी विचारलं. तू मान हलवलीस. नाही म्हणालीस. आणि मी पाठ फिरवली. बाहेर जावयांना म्हणालो, "ताईची बॅग यायचीय अजून."

पाच तासांनी तू आलीस. पैसे जप्त, अंगावर सुनावणी. "माझेच होते, साठवलेले," एवढंच बोललीस. मला आजवर एका शब्दाने विचारलं नाहीस. दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

त्या ऑफिसला काल लेखी कळवलंय. सुनावणीला मीच जाणार, दंड होवो की आणखी काही. भाचीलाही काल रात्री मीच फोन करून सांगितलं. ती रडली आणि तिने फोन ठेवून दिला.

उरले भावजी. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. नाव तुझं आहे, पण पाकीट न चिकटवता संध्याकाळी तुमच्या घरी येऊन त्यांच्याच हातात देईन, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत दारात उभा राहीन. तू मध्ये पडू नकोस. या वेळी तरी मला वाचवू नकोस, ताई.

तू नाही म्हणालीस तरी तुझाच,
धाकटा