आडवा टॉवर आन् मायची खाट

६ ऑक्टो.
वडशाहून नाटक कंपनीच्या म्यानेजरभाऊचा फोन. भाऊबीज झाली का नाटकं सुरू. "साऊंडवर तूच पाहिजे गा. येतं का नाई, तेवढं सांग." सांगतो म्हनलं.
मागच्या हंगामात गेलो, तं तिसऱ्याच दिवशी माय दिवेलागणीले पोंभुर्ण्याच्या बसस्टँडवर. "माह्या बाल्या दिसला का?" दिसल त्याले विचारे. लोकायनं घरी आणून सोडली. मी वापस आलो. तवापासून इथीच.

७ ऑक्टो.
सातची मालिका. मायले ऐकू येत नाई. कानातली मशीन शिट्टी मारते म्हणून ते तांदळाच्या डब्यात. दर वाक्याले, "काय म्हन्ते ती?" मंग मी खाटेपाशी बसून ओरडून सांगतो. नाई सांगतलं का उठते, जीव घाबरते तिचा, सरळ रस्त्यावर. दहा महिने झाले. शेजारच्या सुमनबाईले विचारलं, मी गेलो तं पाहशीन का? "जेवण देईन, झोपाले येईन. पन ते ओरडणं माह्यानं नाई होत, भाऊ."
खोटं काय तिचं. मले सुटाचं आहे. लिहून टाकलं एकदाचं.

१० ऑक्टो.
डोक्यात आलं. मालिका मायले आपल्या आपण ऐकू आली तं? ॲम्पच्या सेंटरमधून, म्हंजे मधल्या लाईनमधून, नुसते डायलॉग येते, पन त्याचा बारका स्पीकर कधीचाच मेला. माळ्यावर दोन टॉवर, मंडपातले उंच स्पीकर, पडून. एकाचा पडदा उंदरानं खाल्ला, दुसरा ठणठणीत. उभा केला तं टीव्हीच झाकते. म्हणून आडवा, टीव्हीखाली बाकड्यावर, पुढून फडकं घालून जरा वर तोंड केलेला. समोर खुर्चीत बसून ऐकलं. एक एक शब्द साफ! श्वाससुद्धा. म्यानेजरभाऊले कळवलं, जमते बहुतेक.

११ ऑक्टो.
सातले लावला. माय तिच्या खाटेवर, दाराजवळ. "काय म्हन्ते ती?" वाढवला आवाज. "काय म्हन्ते ती?" आणखी वाढवला. तिकडून सुमनबाई भिंत ठोकून राह्यली. माह्या तोंडातून निघून गेलं, कान आहेत का भोपळे? मायनं अर्धीच भाकर खाल्ली.
लाज वाटून राह्यली.

१२ ऑक्टो.
सकाळी मायच्या खाटेवर बसून पाह्यलं. अबे गधड्या! तिथी शब्दच नाई, नुसती भुणभुण. खुर्चीत साफ, दोन हात सरकलं का खतम. वीस वर्ष मंडपात टॉवर लावून राह्यलो. उभा ठेवला तं आवाज दोन्हीकडं पांगते. आडवा केला तं मधातल्यायचं भलं, कडेचे बोंबलते. दुसऱ्या कोनी ठेवला असता तं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या म्या. आन् घरी खुर्चीत बसून पास करून टाकला. ऐकणारं माणूस कुठी बसते, तेच नाई पाह्यलं.
मायले म्हनलं, मधात बस. "नाई. इथून रस्ता दिसते." झालं.

१३ ऑक्टो.
टीव्ही, बाकडं, टॉवर, सगळंच फिरवलं. टॉवरचं तोंड सरळ मायच्या खाटेवर. सैपाकखोलीत आता आडवं होऊन जा लागते. जाऊ दे. खाटेवर शब्द लागून राह्यले. फोन केला, येतो म्हनलं.

१४ ऑक्टो.
माय ऐकून राह्यली. "काय म्हन्ते" एकदाही नाई. पंधरा मिनिटं. मी मनातल्या मनात बॅग भरली. मंग वळली माह्याकडं.
"हे सून रडून काऊन राह्यली? आता तं तिची ड्यूटी असन."
फसलो.
गोष्ट अशी, का दहा महिने मी तिले दुसरंच सांगून राह्यलो. मालिकेत रोजचं तेच. सासू बोलते, सून चुलीपाशी रडते. ओरडून ओरडून तेच काय सांगा? एक दिवस सुनेले नोकरी लावून देली. बसमधी कंडक्टर, चंद्रपूर-गडचांदूर. मंग बसमधली भांडणं, बकरीचं तिकीट, म्हाताऱ्याची विसरलेली काठी. नाटकवाल्याची जीभ, थांबते का! माय लय हसे.
"नोकरी गेली का तिची?"
"नाई माय, सुट्टीवर आहे."
"खोटं नको बोलू. ती म्हनली, लग्न झाल्यापासून घराबाहेर पाय नाई टाकला. आपल्या कानानं ऐकलं म्या."
मले वाटलं आता शिव्या पडते. नाई पडल्या. टीव्हीतल्या त्या पोरीकडं पाह्यत राह्यली आन् डोळ्याले पदर लावला. लय वाईट वाटलं मले.

१५ ऑक्टो.
सकाळी म्यानेजरभाऊ. "नाव टाकू ना तुह्यं?" संध्याकाळी सांगतो म्हनलं.
सातले टीव्ही लावला. मायनं रिमोट घेतला, आवाज पूर्ण बंद. खाटेवर हात आपटला.
"तू सांग. तुह्या सांगण्यात ती बाहेर निघते."
"माय, मले वडशाले जा लागते."
"मंग जाजो ना. कोनं अडवलं? आधी तिले ड्यूटीवर धाड."
बसलो. धाडलं. गडचांदूरच्या फाट्यावर बस पंक्चर केली, पॅसेंजर खाली उतरवले, एकाची ड्रायव्हरसंगं जुंपवली. माय हसली. मधातच थांबली.
"काऊन रे बाल्या, ती दिवसभर बसवर. तं घरी सासूपाशी कोन राह्यते?"
टीव्हीत सून नुसते ओठ हलवून राह्यली. माय माह्या तोंडाकडं पाहून राह्यली. खिशात फोन वाजून राह्यला.
उद्या सांगतो म्हनलं. मंग फोन उचलला, म्यानेजरभाऊलेही तेच सांगतलं.