पहिला डबा बंदुकीचा

४ जून

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत, तुम्हीही असालच.

तुझं पार्सल पोचलं, आणि उघडल्यापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. झटक्यानंतर अप्पांना डावा हात अजून धड उचलवत नाही. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू ते दाबत नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतात. म्हणून मी तुला लिहिलं होतं की चार दिवस ये. तर तू बंदूक पाठवलीस! कुणाला बरं वाटावं म्हणून लोक फळं पाठवतात रे.

आणि बंदूक तरी कसली? आखूड, काळी, प्लॅस्टिकच्या दस्त्याची. उचलली तर माझ्या कापायच्या मोठ्या कात्रीपेक्षा थोडीशीच जड. सोबतच्या चोपड्यावर छापलंय, 'स्वस्त, सुटसुटीत, घरातल्या सर्वांसाठी एअर रायफल'. सर्वांसाठी काय? ती काय छत्री आहे?

अप्पांनी ती उलटीसुलटी केली आणि म्हणाले, ज्याने ही बनवली त्याला हीच खांद्यावर देऊन उन्हात उभं करा. जन्मभर नेमबाजीच्या रेंजवरच्या रायफली दुरुस्त केलेला माणूस, दुसरं काय बोलणार? कुणी पाठवली असं विचारलं तेव्हा तू लिहिल्याप्रमाणे सांगितलं, रेंजवरच्या जुन्या ओळखीच्या माणसाने. तू कारखान्यात लागलास तेव्हापासून ते तुझं नाव घेत नाहीत हे खरं, पण तुमच्या भांडणात खोटं मी का बोलायचं? पुन्हा सांगू नकोस, कानाला खडा.

नंतर मात्र नवल झालं. त्यांनी छर्ऱ्यांचा डबा मागितला. मागच्या बंद बोळात मी चिंध्यांनी ठासून भरलेलं खोकं ठेवलं, वर कागद डकवला. तेव्हापासून रोज सकाळी स्टुलावर बसून त्यावर छर्रे झाडतात. नळी खाली मोडून आतली स्प्रिंग ताणायला पहिले दोन दिवस मला हाक मारायचे, आता स्वतःच करतात, डाव्या हातासकट. आणि तोंडातून एक शिवी नाही. आवडलेली दिसते. म्हणून राग गिळते आहे, पण गेलेला नाही, हे लक्षात ठेव.

लोभ ठेव, आणि पुढच्या वेळी स्वतः ये.
तुझी ताई


११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि घामही फुटला. अप्पांना बंदूक आवडलेली नाही. ते अजून बोलायलाच लागलेले नाहीत. तू रेंजवर कधी आली नाहीस म्हणून तुला ठाऊक नाही, त्यांचा नियम आहे, पहिला डबा बंदुकीचा. नव्या बंदुकीचे भाग एकमेकांना सरावायला वेळ लागतो, तेव्हा पहिला डबा संपेपर्यंत तिला बरं म्हणायचं नाही की वाईट. मी लहानपणी एकदा मध्येच बोललो तर दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. हातात घेतल्याघेतल्या जे बोलले ते फक्त तोंड धुतल्यासारखं समज. खरं पुढे आहे.

आता ज्यासाठी पाठवली ते सांगतो. ही बंदूक मी आखली आहे ताई. प्रत्येक रेघ माझी, एक सोडून. चाप ओढेपर्यंत स्प्रिंग धरून ठेवणारा आत एक दात असतो. मी तो पोलादाचा घडीव दाखवला होता. मोठ्या साहेबांनी तो पत्र्याचा ठोकून घ्यायला लावला. मी भांडलो, की हा झिजला तर बंदूक चाप न ओढता सुटेल, आणि ही तर पोरासोरांच्या हाती जायची. तर सगळ्यांसमोर म्हणाले, स्वस्तातल्या बंदुकीत कोण उघडून बघतंय? आणि मी बापाचे नखरे कारखान्यात आणतो म्हणे. सगळे हसले. अजून कान तापतात.

महिनाअखेर मोठा माल सुटायचा आहे, त्यावर तपासनीस म्हणून माझी सही लागते. तपासणीत एकही नमुना नापास झालेला नाही, त्यामुळे आता मलाच कळेनासं झालंय की मी खरा आहे की नुसता हट्टी. अप्पांच्या बोटांना जर काही जाणवलं नाही, तर मी मुकाट सही करीन. जाणवलं तर नाही करणार, मग नोकरी राहो वा जावो. माझं नाव कळलं तर ते बंदूक नाही, मला तपासतील, म्हणून ते खोटं. डब्यात किती छर्रे उरलेत ते तेवढं कळव.

माया आहेच, थोडी जास्त धाड, सध्या लागते आहे.
तुझा ठोक्या


१७ जून

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी सांगते, ओरडायचं नाही. डबा संपत नाहीये, कारण मी तो भरते आहे.

तू पार्सलात तीन डबे घातले होतेस. पहिला तळाला लागला तेव्हा मला धडकीच भरली, की हा संपला की हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार. म्हणून दुपारी ते पडले की दुसऱ्यातले मूठभर काढून ह्यात ओतायचे. आता तिसरा फोडलाय. मला काय माहीत की तुम्हा बापलेकांत डबा रिकामा झाल्याशिवाय माणसाला वाचा फुटत नाही? शिवणकामात असलं काही नसतं. झगा बिघडला की गिऱ्हाईक पहिल्या टाक्यापासून बोंबलतं.

काल त्यांनी डाव्या हाताने कप धरून चहा घेतला. बशीसुद्धा. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. आणि तू मला हिशेब विचारतोस की किती छर्रे उरले! तुझ्या त्या साहेबाचा मला इतका संताप आलाय की त्याचं माप घ्यायला मिळालं तर गळ्याशी दोन बोटं कमी घेईन. पण अप्पांचा हात मी तुझ्या सहीसाठी थांबवणार नाही.

राग मानू नकोस. मानलास तरी पत्र लिही.
तुझी ताई


२१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ओरडू नको म्हणालीस, पण काय केलंस हे! इथे साहेब रोज कागद माझ्या टेबलावर आणून ठेवतो, मी रोज काहीतरी सबब काढतो, आणि तिकडे तू मागच्या दाराने डबा भरतेस. अप्पांच्या हाताबद्दलचं मी तीनदा वाचलं, खोटं कशाला बोलू. पण मग तू मला आधी का नाही लिहिलंस? मी त्यांना दुसरी बंदूक पाठवली असती, दहा पाठवल्या असत्या.

आता वाटतं, मीच मूर्ख. आम्ही नमुने तपासले तेही अप्पांच्याच नियमाने. मीच कारखान्यात लावून दिला होता, एका बंदुकीला एक डबा. सगळ्या पास झाल्या. अप्पांनी त्याहून जास्त झाडले आणि तरी ती आपोआप सुटली नाही, म्हणजे साहेब बरोबर आणि मी नखरेबाज. डबा भर नाहीतर ओत, तीस तारखेला मी सही करतो आहे. डोक्यावरचं ओझं तरी उतरेल.

तू मात्र माझ्यावरची माया आटवू नकोस.
ठोक्या


२५ जून

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

सही करू नकोस. पत्र मिळताच आधी हे, मग बाकीचं.

आज सकाळी अप्पांनी छर्रा घातला, नळी जमिनीकडे धरून मिटवली, आणि मिटताक्षणी बंदूक सुटली. बोट चापाच्या जवळही नव्हतं. मी डोळ्यांनी पाहिलं. छर्रा फरशीवर आपटून उसळला आणि दाराशी ठेवलेल्या शिवणाच्या पुतळ्यावरच्या गिऱ्हाइकाच्या झग्यात कमरेशी घुसला. त्या झग्याची खालची पट्टी मी तिथेच बसून टाचत होते, टाचण्या संपल्या म्हणून तेवढ्यात उठून बाजूला झाले होते. बसलेलीच असते तर माझा चेहरा तेवढ्याच उंचीवर होता.

अप्पा थरथरत होते. मला वाटलं पुन्हा झटका आला. पण तो राग होता. माझ्या कापायच्या टेबलावर कापड बाजूला सारून त्यांनी बंदूक पार खोलली. मग डबा हातात घेऊन विचारलं, हा संपत का नाही? मी सांगून टाकलं. मग विचारलं, पाठवली कुणी? तेही सांगून टाकलं. सगळंच सांगितलं, साहेब, पत्रा, सही, सगळे हसले ते. मी मूग गिळून किती दिवस बसू?

त्यांनी कागद मागितला आणि मला खोलीबाहेर घालवलं. त्यांचं पाकीट ह्यासोबत आहे. आत काय आहे मला दाखवलेलं नाही. मी भरून पावलेय तुम्हा दोघांना.
तुझी ताई


२५ जून

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितो आहे. डाव्या हाताने कागद दाबून धरला आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस.

पहिलं. बापाला बंदूक दाखवायची होती तर स्वतः घेऊन यायचं. बहिणीला खोटं बोलायला लावलंस आणि दुसऱ्याच्या नावामागे लपलास, ह्याचा मला फार राग आला आहे. मी दार लावलं होतं, कडी घातली नव्हती.

दुसरं, बंदूक. पहिल्या दिवशी बोललो त्यातलं अर्धं मागे घेतो. दस्ता आखूड आहे, पण खांद्याला बसतो. नळी चांगली. ताणायला हलकी, माझ्यासारख्या अर्ध्या हाताच्या माणसालाही जमते, हे कुणीतरी विचार करून केलेलं आहे. तुझी ताई मध्ये पडली नसती तर पहिला डबा संपल्यावर मी म्हणालो असतो, स्वस्त आहे पण लबाड नाही. आणि ते चुकलं असतं. माझा नियम पोलादासाठी होता, पत्र्यासाठी नव्हता. ताईच्या हिशेबाने दुसरा डबा संपतासंपता चाप हलका लागायला लागला, तेव्हा मला वाटलं माझंच बोट गेलं. दुखण्यातून उठलेला माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. तूही तेच केलंस म्हणे, धडधाकट असून.

दात खोलून पाहिला. कड गोल झाली आहे. उरलेली बंदूक आणि तो दात हे एकाच माणसाचं काम नाही, हे मला टेबलाशी बसल्याबसल्या दिसलं, ताईने सांगायच्या आधी. कोण उघडून बघतंय म्हणाला ना तो? मी बघितलं. माझी पोर दोन टाचण्यांसाठी उठली म्हणून शाबूत आहे, आणि तो हसतो!

सही करायची नाही. नोकरी गेली तर ताईच्या मागच्या बोळात जागा आहे, माझी हत्यारं आहेत, आणि दीड माणसाचे हात आहेत.

तिसरं, मी येतो आहे. ताई नको म्हणते, तिला म्हणू दे, ती सोबत यायला तयार झाली आहे. बंदूक आणि तो दात रुमालात बांधून आणतो आणि साहेबाच्या टेबलावर ठेवतो. ज्यांच्यासमोर तो तुला हसला त्या सगळ्यांना तिथे उभं कर.

फाटकावर माझं नाव सांगू नकोस. रेंजवर होतो वगैरे त्यांना काही सांगायची गरज नाही. तुझं नाव सांग, आणि म्हणावं, त्याचा बाप आला आहे.

अप्पा