पायाचा एक फटका

ग्रेलिंग, मिशिगन
१२ सप्टेंबर २०१९

प्रिय ड्वेन,

माझं अक्षर पाहून तोंड वाकडं करशील, ते कर, पण वाच. तू आणि मार्लीस खुशाल असाल, आणि तुझा गुडघा निदान पावसाचा अंदाज सांगण्यापुरता तरी उपयोगी पडत असेल, असं धरून चालतो.

आधी तक्रार. सार्वजनिक गोल्फ मैदानांवर गुणपत्रकासोबत जी करंगळीएवढी पेन्सिल देतात, तिला खोडरबर का नसतं? तीन दिवसांत तीन मैदानं खेळलो, तिन्हीकडे तोच अन्याय. कर आम्ही भरायचा, आमच्या पैशांनी गवत कापायचं, आणि माणसाला साधी चूक दुरुस्त करायची सोय नाही. काउंटीला खरमरीत पत्र लिहिणार होतो, पण हाताशी तीच पेन्सिल होती.

आता मैदानांचा निवाडा. मेपल रन : गवत उत्तम, कॉफीही बहुधा त्याचीच करतात. हॅडली बेंड : नगरपालिकेचं, स्वस्त, वाळूच्या खड्ड्यांत वाळू सोडून सगळं सापडतं. आणि आपलं टॅमरॅक हिल होतं तसंच आहे. फक्त सातव्या होलच्या उजवीकडची पाइनची झाडी वाढलीय.

एकोणीस वर्षं आपण दोघं आलो, नंतरची सहा मी एकटा. खिडकीतला माणूस विचारतो, "एकटेच?" प्रश्न साधा आहे, पण हो म्हणायला दर वर्षी जरा जास्त वेळ लागतो. मग ते मला कुणा अनोळखी लोकांच्या गळ्यात बांधतात. परवा दोन दंतवैद्य होते, अठरा होल आपल्या बोटींविषयी बोलले. काल नवपरिणीत जोडपं होतं. नवव्यापर्यंत त्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं आणि माझ्याशी सुरूच केलं नाही.

आज टॅमरॅकवर वर्ना टिबेट्स नावाच्या बाई मिळाल्या. सत्तरीच्या, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. गुण त्याच लिहीत होत्या. सहाव्याला माझा चेंडू मुळाच्या बेचक्यात अडकला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि बुटाला सवय आहे ते बुटाने केलं. नंतर "पाच" म्हणून सांगितलं. बाईंनी मान वर न करता लिहिलं.

"सहा. पायाचा एक धरून."

तुम्हाला कुठून दिसलं, असं मी निर्लज्जपणे विचारलं.

"चाळीस वर्षं आरशातून मागची पोरं सांभाळलीत, बाबा. दिसतं." आणि आपल्या अंड्याच्या सँडविचचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

तो तोंडात असतानाच सातवं आलं.

ड्वेन, सहा वर्षांपूर्वीचा इथलाच तुझा फटका मी पाहिला होता. माझा चेंडू झाडीत गेला म्हणून तुला मारायला सांगून मी पुढे गेलो होतो, आठवतं? खोडाआडून चेंडू बुटाने मोकळ्यावर ढकलत होतो, तेवढ्यात तुझा पहिल्याच फटक्याचा चेंडू ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक गवतावर पडला. दोनदा उडाला, डावीकडे वळला आणि अगदी सावकाश भोकात गेला. असं सुंदर मी पुन्हा पाहिलं नाही. ओरडलो असतो तर तू माझ्याकडे पाहिलं असतंस. आणि बूट अजून चेंडूलाच टेकलेला होता. तू धापा टाकत येऊन विचारलंस, "पाहिलास ना?" मी म्हणालो, झाडीत होतो, काही दिसलं नाही.

तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बारमध्ये तू एका फटक्यात होल मारणाऱ्याच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांना बिअर पाजत होतास आणि मी म्हणालो, हा भोकात चेंडू ठेवून आलाय, वर शपथा खातोय. लोक हसले. मला लोक हसलेले फार आवडतात. गावात तुझं नाव 'शपथ्या' पडलं ते त्या दिवशी. ते बारसं मीच केलं. तुझ्या नातीनेही एकदा तुला त्या नावाने हाक मारली, असं मार्लीसने मला सांगितलं होतं. त्यानंतर मार्लीसने माझा फोन उचलला नाही.

त्या दिवशीचं गुणपत्रक सहा वर्षं माझ्या पिशवीत होतं. सोबत पाठवतोय. साक्षीदाराची ओळ कोरी होती, तिथे आज सही केली. टॅमरॅकच्या भिंतीवर एका फटक्यात होल मारणाऱ्यांच्या पाट्या आहेत. तुझी लावायची की नाही, ते तू ठरव. सातव्याला माझे तीन लिहिले होते, ते काट मारून चार केलेत. मी एक फटका कमी लागला म्हणून जिंकलो होतो. म्हणजे त्या दिवशी बरोबरी झाली.

तुझा साक्षीदार,
वेंडेल